तरोटा आणि गुच्छ

गाजरगवताचं नाव काढलं तरी द्रौपदाबाईंना शिसारी यायची. भडगावातल्या त्यांच्या घराभोवती ते मेलं असं माजलं होतं, की नवरा दम्याने बेजार झाला आणि उपटता उपटता त्यांच्या स्वतःच्या हातांना कोपरापर्यंत पुरळ उठलं. शेवटी त्यांनी कुंपणाबाहेर तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी फेकलं आणि आतल्या बाजूला झेंडू दाट लावला. दोन पावसाळ्यांत तरोट्याने गाजरगवताला पार दाबून टाकलं. अंगणात आपोआप उगवली ती पिवळ्या फुलांची पाथरी, आणि तिची तर भाजीच व्हायची.

बागेचा बोलबाला झाला आणि महिला मंडळाने सत्कार ठरवला. अध्यक्षाबाईंनी त्यांना शाल पांघरवली, हातात गुच्छ दिला. द्रौपदाबाईंनी तो पाहिला मात्र, चटकन अंगापासून लांब धरला. मधे चार गुलाब आणि भोवती गच्च खोचलेली ती पांढरी, बारीक फुलं!

"हाई तं गाजरगवत शे, ताई!"

"असेना का, दिसतं किती नाजूक!" अध्यक्षाबाई कौतुकाने म्हणाल्या. "समोरच्या पडीक प्लॉटमधून आणलं. आणि हो, पाहुणे बाग बघायला येणार ना, म्हणून तुमच्या कुंपणाबाहेरचा तो घाणेरडा तरोटा तुम्ही सकाळी इकडे आलात तेव्हाच उपटून घेतला. त्या जागी याच फुलांचं बी टाकलंय. पुढच्या वर्षी बघा, कसं पांढरंशुभ्र दिसेल!"

टाळ्या कडाडल्या. द्रौपदाबाईंना थुंकायला जागा सापडेना.