न धुतलेला स्वेटर

“खाल्लं का गं त्याने काही?”

हातातली इस्त्री उभी करून मामाने पडद्यातून आत डोकं घातलं. पुढे लाँड्री, मागे घर, आणि मधे तो एक पडदा.

“गवताच्या काडीला तोंड लावलं नाही,” मामी म्हणाली. “भिंतीकडे तोंड करून बसलाय, रुसलेल्या पाहुण्यासारखा.”

खोक्यात बोळा नावाचा पांढरा ससा होता आणि खोक्याला टेकून त्याची मालकीण, मामाची भाची. आई गेल्यावर एक पिशवी आणि हा ससा घेऊन ती कायमची मामाकडे आली होती. आल्यापासून ‘हो’ आणि ‘नको’ याखेरीज तिसरा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

मामाने दोघांच्या आगतस्वागतात काही कमी केलं नव्हतं. कुठलाही डाग मामाला वचकूनच असायचा. आल्या दिवशीच त्याने भाचीचे कपडे धुतले, खोकं घासलं, आणि बोळा ज्यावर झोपायचा तो बहिणीचा जुना गाऊन गरम पाण्यात भिजवून धुतला. बहिणीसाठी रडायचं ते साबणाच्या पाण्यात रडून घेतलं. मग कडक इस्त्री केली आणि घडी खोक्यात अंथरली.

ती घडी अजून मोडली नव्हती.

शेवटी तिघं बोळाला खोक्यासकट घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पोट चाचपलं.

“सशाने खाणं सोडलं की त्याचं आतडं थांबतं, काका. आज खाल्लं नाही तर हाताबाहेर जाईल. औषध देते, पण...” त्यांनी गाऊन नाकाशी नेला. “हा धुतलात?”

“धुतला म्हणजे! नव्यासारखा केलाय,” मामाची मान ताठ झाली.

“तिथेच चुकलं. ससा आपलं घर नाकाने ओळखतो. जुन्या घरातलं तेवढंच त्याच्याबरोबर आलं होतं. न धुतलेलं काही आहे का?”

मामाचा चेहरा फेस बसावा तसा बसला. “नाही हो. रुमालसुद्धा सोडला नाही मी.”

घरी आल्यावर भाचीने कॉटखालून आपली पिशवी ओढली. तळाशी गच्च गाठ मारलेली दुसरी पिशवी होती. तिच्यातून तिने तपकिरी स्वेटर काढला.

“आईचा आहे,” ती म्हणाली. “तू धुशील म्हणून लपवला होता.”

मामा जमिनीवरच बसला. “राहू दे, बाळा. तो तुझ्यापाशीच ठेव. आपण दुसरं काहीतरी बघू.”

“दुसरं काय आहे?”

भाचीने स्वेटरमध्ये तोंड खुपसलं, बराच वेळ तसंच ठेवलं आणि मग तो अलगद खोक्यात अंथरला.

बाहेरून गिऱ्हाईक ओरडलं, “अहो, माझी पँट!”

“दुकान बंद आहे!” मामी म्हणाली.

“उघडं तर दिसतंय!”

“दिसू दे!”

बोळाचं नाक हललं. तो वळला, बाहीत शिरला आणि कान पाडून पडून राहिला. देवाने सशाला आवाज दिला नाही. सुख झालं तरी तो सांगणार कसं? तिघं खोक्याभोवती वाकून बसली. बऱ्याच वेळाने आवाज आला. कुर्र, कुर्र. बोळा गवत चावत होता. मामाने मनातल्या मनात हात जोडले.

स्वेटरच्या मनगटाशी चहाचा डाग होता. सवयीने मामाचा अंगठा तिकडे गेला. मग त्याने हात मागे घेतला.

“मामा, तुझा शर्ट काढ,” भाची म्हणाली.

“हा? अगं, सकाळपासून घामाने...”

“म्हणूनच. त्याला आता तू पण कळायला हवास.”

“घ्या!” मामी म्हणाली. “ह्या घामट शर्टावरून जन्मभर भांडले मी, आणि आज त्याला केवढा मान!”

भाची हसली. आवाज न करता, पण हसली.

मामाने शर्ट काढून दिला. तिने तो स्वेटरशेजारी पसरला आणि त्याची एक बाही स्वेटरच्या बाहीवर ठेवली.

नुसत्या बनियनवर मामा बाहेर आला आणि त्याने गिऱ्हाइकाची पँट टेबलावर पसरली. पडद्याआडून कुर्र, कुर्र ऐकू येत होतं. मधूनमधून भाचीचाही आवाज येत होता. नव्या घरात कुठे काय आहे, ते ती बोळाला सांगत होती.

इस्त्रीचा आवाज होऊ नये म्हणून मामा जरा हळूच हात फिरवू लागला.