पंधरावं नाव

त्या दिवशी याडी शाळेच्या पायरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. शाळेत खिचडी शिजवायचं काम तिच्याकडे बावीस वर्षं होतं. पटावर आता सहाच मुलं उरली होती. सातवं मिळावं म्हणून ती सकाळीच सुनील गुरुजींबरोबर घरोघर फिरून आली होती. लालसिंगकाकांची नात तर राळेगावच्या कॉन्व्हेंटचा गणवेश घालूनच दारात उभी राहिली म्हणे.

"आता का बकरीचं नाव टाकू पटावर?" याडी म्हणाली. मी हसले.

मग तिने नेहमीचं काढलं. तेव्हा शाळा सुरू व्हायला पंधरा मुलं लागत होती आणि चौदाच भरली होती. पंधरावं नाव तिने माझं दिलं, साडेचार वर्षांच्या मुलीला सहाची सांगून. दोन महिने मी रोज रडले. निंदणाची मजुरी बुडवून ती या पायरीवर बसून राहायची, तेव्हा कुठे मी पाटी हातात घ्यायचे. पुढे खिचडी सुरू झाली, तेव्हा ते काम तिलाच मिळालं. ती तिथेच तर असायची.

"एका नावापायी लय रडवलं तुले, बबिता."

मी मोबाइलवर काहीतरी वाचत होते. जाऊ दे ना, एवढंच बोलले. दरवेळी एवढंच बोलत आले होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती चुलीपाशी कोसळली. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर गुरुजींनी तिचं सूप आणि चष्मा न्यायला बोलावलं. पहिल्या वर्षीचे प्रवेश अर्ज कपाटात होते, त्यातला माझा त्यांनी काढून दाखवला. खोटी जन्मतारीख, आणि खाली याडीचा अंगठा. पहिला पुसट आला म्हणून शेजारी दुसरा. यंदा शाळा टिकेल असं वाटत नाही, असं सांगून ते हजेरी घ्यायला आत गेले.

मी पायरीवर बसले. सहा नावं लवकर संपली.

"याडी," मी म्हणाले, "मले शाळेचं रडू नव्हतं येत. शाळा मले पहिल्याच दिवशी आवडली होती. रडणं थांबवलं तर तू उठून जाशीन, म्हून रडत होती."