आतल्या पडद्याच्या घड्या

एकोणीसशे अठ्ठावन्नचा श्रावण. कॅसलरॉकची नवी शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची आणि फळा अजून हुबळीहून यायचा होता. म्हणून तुळजाने नमुना पाठासाठी सारवलेल्या जमिनीवर रांगोळीच काढली. धारवाडहून बी.एस्सी. होऊन आलेली पोरगी. ही मास्तरकी मिळाली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर खानापुरात लग्न, असं बापाने बजावून ठेवलं होतं.

तिने पेशीतला मायटोकाँड्रिया काढला, म्हणजे अंगातली ताकद जिथं तयार होते तो कण. बाहेर एक पडदा, आत दुसरा, आणि तो आतला घड्यांवर घड्या घालत वळत गेलेला.

पाठ बघायला आलेल्या तपासनीस साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांच्या पुस्तकात हा कण साधा, भरीव होता. या घड्या कुठून आणल्या, असं त्यांनी विचारलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेला फोटो कॉलेजात पाहिलाय, साध्या सूक्ष्मदर्शकाला हे दिसतच नाही, असं तुळजाने सांगितलं. शहाणपणा पुरे, पुसा ते, साहेब म्हणाले.

ती जागची हलली नाही. तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष बाबुराव उठले आणि त्यांनी वाकून रांगोळीला हात जोडले. पंचमी परवाच झालेली. ती वळणं बघून त्यांना वाटलं, पोरीने नागोबाच काढलाय.

"नाग पुसायचा न्हाई, सायब," ते म्हणाले. "पोरगी देवाधर्माची हाय. हिलाच घेऊ."

नोकरी आयती पदरात पडत होती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण तुळजाला त्या गप्प बसण्याचीच चीड आली. एवढं शिकून नागोबाच्या आडून मास्तरीण व्हायचं?

"काका, ह्यो नाग न्हवं," ती म्हणाली. "ह्ये तुमच्या-माझ्या अंगात हाय."

बाबुरावांचा चेहरा उतरला, मग तांबडालाल झाला. चारचौघांत हात जोडून बसले होते ना! त्यांनी केरसुणी मागवली.

झाडणारी बाई केरसुणी घेऊन आली. तुळजाने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि रांगोळीच्या पुढ्यात उभी राहिली. नोकरी गेली हे तिला कळलं. खानापूर डोळ्यांपुढे आलं. पण केरसुणी तिने सोडली नाही.

"नाग म्हणून राखत हुता न्हवं, काका? आता खरं हाय म्हणून राखा," ती म्हणाली. "तुमच्यानं हुत नसंल, तर मी राखते."