सातव्या शब्दापासून

कानाच्या यंत्रांच्या दुकानात भाची सहा वर्षं तपासनीस होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तिनं पाठीमागे उभं राहून, तोंडासमोर पुठ्ठा धरून दहा शब्द म्हणायचे आणि त्यानं ते परत म्हणायचे. मालकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, सहा शब्द मोकळे, शेवटचे चार श्वासातल्या श्वासात. चार हुकले की माणूस आपणहून यंत्र मागतो. सुरुवातीला तिची जीभ अडखळायची. पण वाचा देवानं दिलेली असली तरी वळण पडलं की तीही निगरगट्ट होते.

मामा आले ते निव्वळ कौतुकापोटी. भाची कुठे बसते, काय करते, पाहून जाऊ म्हणून. मालक म्हणाले, आलाच आहात तर बसा. मामा हसत बसले. भाचीनं पुठ्ठा धरला, सहा शब्द झाले, आणि सातव्याला आवाज आपोआप खाली गेला. तिच्या लक्षात आलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. मालक समोरच उभे. ती गप्प राहिली. मामा यंत्र लावून घरी गेले.

दोन महिन्यांनी ती त्यांच्याकडे गेली तर मामी कुरकुरत होती. प्रार्थनेच्या गाण्याला तीस वर्षं सूर लावून देणारा माणूस आता मागच्या बाकावर तोंड मिटून बसतो. म्हणे, ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही त्यानं देवापुढे चारचौघांना बेसूर का करावं? माझ्याशी भांडतानाही आता ऐकू आलं नाही म्हणून सुटतात, असं म्हणून मामी हसली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

भाचीला तिथे बसवेना.

"मामा, तुमचे कान चांगले आहेत. मीच हळू बोलले."

"मन राखतेस होय माझं?"

मग तिनं त्यांचं यंत्र काढलं, मागे जाऊन उभी राहिली आणि दहा शब्द सरळ आवाजात म्हटले. मामांनी दहाच्या दहा परत म्हटले. शेवटच्या शब्दानंतर त्यांनी मान वळवली नाही.

"माझ्यासारखे किती गं?"



दुसऱ्या दिवशी तिनं नोकरी सोडली. कारण विचारलं तर घर लांब पडतं म्हणाली. मालकांनी चहा पाजला, जाशील तिथे नाव काढशील म्हणाले. ती जिना उतरत होती तेव्हा एक आजी कठडा धरून वर येत होत्या. कान तपासतात ते इथेच का, त्यांनी विचारलं. हो म्हणून भाची दोन पायऱ्या उतरलीही. तिसरी उतरवेना. ती मागे फिरली, आजींना हाताला धरून वर नेलं आणि मालकांसमोर खुर्चीत बसवलं.

"आजी, दहाही शब्द एकाच आवाजात म्हणायला सांगा यांना. मी म्हणत नव्हते."

मालकांचा चेहरा उतरला. आजी एकदा त्यांच्याकडे, एकदा हिच्याकडे पाहत राहिल्या. भाचीची मान खाली होती, कानशिलं तापली होती. पण ती तिथून हलली नाही.