दोन टक्क्यांचा वाकडेपणा

सेन्सर वहीच्या पानाएवढा होता. ताऱ्यांचा उजेड मोजणाऱ्या कॅमेऱ्यासाठी एवढा मोठा तुकडा बिनडागाचा बनवणं म्हणजे काय खायचं काम नाही. ती प्रयोगशाळेत सेन्सर बनवायची आणि या एकातच तिची सहा वर्षं गेली होती. उद्या तो वेधशाळेला पाठवायचा होता. फक्त चाचणीच्या कागदावर तिची सही बाकी होती.

चाचणी तशी सोपी. दिवा तोच ठेवायचा आणि उजेड पडू देण्याची वेळ वाढवत न्यायची. दुप्पट वेळ, दुप्पट आकडा. आलेखावर सरळ रेष आली की सुटलो. आधी लहान वेळा, मग मोठ्या, हा क्रम तिच्या बाबांनी घालून दिलेला. बाबांनी याच प्रयोगशाळेत तीस वर्षं सेन्सर बनवले होते आणि निवृत्त झाले तरी त्यांचा शब्द इथे चालायचा. पण आज बाईंना लागली होती भूक. म्हटलं, मोठ्या वेळा आधी लावून देऊ, तोवर जेवून येऊ.

येऊन लहान वेळा मोजल्या आणि बघते तर काय, रेष चांगली चार टक्के वाकलेली! क्रम सोडून तर काहीच बदललं नव्हतं.

तिने दिवाच तपासायला घेतला आणि कपाळावर हात मारला. दिवा तापत तापत तीन तास उजळतच राहत होता. सेन्सर मोठ्या आकड्यांना दोन टक्के कमी मोजायचा आणि बाबांच्या क्रमात मोठ्या वेळा शेवटी आल्या की नेमका तेव्हाच दिवा दोन टक्के जास्त द्यायचा. दोघे मेले एकमेकांची लबाडी झाकत होते! तसं मोजलं की रेष सरळच येणार. आज क्रम उलटा झाला आणि दोन्ही चुकांची बेरीज होऊन चार टक्के दिसले.

"दोन टक्क्यांनी काय आभाळ कोसळतंय?" तिचं सगळं ऐकून प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "जुन्या क्रमाने पास झालाय ना? करा सही."

सही करणं सोपं होतं. खरं लिहिलं तर बाबा उघडे पडणार होते. त्यांचा सेन्सर अकरा वर्षं त्याच वेधशाळेच्या दुर्बिणीवर होता, याच दिव्याने पास झालेला. या वयात त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी घरी जाऊन तिने सांगून टाकलं. बाबांनी टीव्ही बंद केला.

"दिवा तापायला किती वेळ लागतो?"

"तीन तास."

"आम्ही दहा मिनिटं थांबायचो." त्यांचा चेहरा पार उतरला. "तेवढीही मला जास्त वाटायची."

तिला रडूच फुटलं. "जाऊ द्या बाबा. नाही लिहीत मी."

"गप बस! वेडी की काय? तुझा किती वाकतो ते तू मोजलंयस, त्यांना दुरुस्त करता येईल. माझा किती वाकतो ते कुणाला माहीतच नाही, आणि लोक त्यावर ताऱ्यांची अंतरं काढतायत."

त्यांनी चष्मा लावला, वेधशाळेचा नंबर शोधला आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार. तुमचा जुना सेन्सर मी बनवला होता," ते म्हणाले. "तुमचे अकरा वर्षांचे आकडे चुकलेत. चूक माझी आहे."