पाठ केलेली उत्तरं

मालन परबला खोटं बोलता येत नाही, असं तिला ओळखणारे सांगत. बोलता येत नव्हतं हे खरंच. लिहिता मात्र छान येत होतं, आणि तेही इतक्या मायेनं की तिचं तिलाच ते खोटं वाटत नसे.

मुलुंडच्या एका वृद्धाश्रमात ती अकरा वर्षं मावशी होती. नवरा गेल्यापासून राहायलाही तिथंच, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. तळमजल्यावर भानावरची म्हातारी माणसं असत. ज्यांचं भान सुटलं त्यांना वरच्या मजल्यावर नेत, आणि वरच्या दाराला बाहेरून कडी असे. कुणाला कुठं ठेवायचं हे महिन्याच्या फॉर्मवर ठरे. पाच प्रश्न आठवणीचे, पाच मनाचे. विचारायचं मावशींनी, लिहायचंही मावशींनी.

तिच्या वाट्याला नंदूकाका आले होते. वय एक्क्याऐंशी, गाव मालवणजवळ, उभा जन्म गिरणीत गेलेला. मुलगा निलेश बोरीवलीला असे आणि सणासुदीला येई. काका मालनच्या मुलखातले, म्हणून तिचा जीव त्यांच्यावर जरा जास्त. बायको गेल्यावर ते गप्प झाले, जेवण टाकू लागले आणि मग वारही विसरू लागले. काकांना वर नेतील या धास्तीनं मालन रोज सकाळी आंघोळ घालताना त्यांच्याकडून उत्तरं घोकून घेई. आधी वार, मग महिना, गाव, मजला आणि शेवटी मुलाचं नाव. काका शाळेतल्या पोरासारखे धडाधड म्हणत आणि दर महिन्याला पाचपैकी पाच मिळवत.

मनाच्या प्रश्नांना मात्र ते खरं बोलले होते. सहा महिन्यांपूर्वी, जगणं नकोसं वाटतं का, असं तिनं फॉर्मवरून वाचलं तेव्हा ते म्हणाले, "होय गो. माका आता जगूचा नाय."

मालनच्या अंगावर काटा आला. "असा बोलू नकात काका! वास्तू तथास्तु म्हणता!" म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं. लहानपणापासून तिनं हेच ऐकलं होतं की घरात अभद्र बोललं की ते खरं होतं. मग बोलायचं नाही ते लिहायचं तरी कसं? तिनं "नाही" लिहिलं. पुढच्या महिन्यापासून काकाच "नाय" म्हणू लागले. मालनला वाटलं, माणूस सावरला.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी, हे फॉर्म तपासणाऱ्या रेवती दामले नावाच्या बाई ते कसे भरायचे हे शिकवायला आल्या. सगळ्या मावशींना हॉलमध्ये बसवलं. व्यवस्थापक धवल शहा यांनी सुरुवातीलाच बजावलं, "फॉर्ममध्ये कुणी गडबड केलेली दिसली, तर त्याच दिवशी सामान उचलायचं."

रेवतीबाई शांतपणे बोलत होत्या. "उत्तर सुचवायचं नाही. ते म्हणतील तेच लिहायचं. आणि मनाचे प्रश्न उरकून टाकू नका. म्हातारपणी उदासी आली की माणूस विसरायला लागतो, वेड लागल्यासारखा दिसतो. पण उदासीवर औषध आहे. डॉक्टर वेळेवर आले तर पुष्कळांची आठवण परत येते. एक 'होय' आलं तरी मी डॉक्टरांना बोलावते."

मालनच्या हातातलं पेन थांबलं. सहा महिने. म्हणजे सहा महिने काकांचं औषध तिनं स्वतःच्या हातानं अडवून ठेवलं होतं.

"आता करून बघू," रेवतीबाई म्हणाल्या, आणि धवलनं नेमकं नंदूकाकांनाच आणलं, कारण त्यांचे मार्क सगळ्यांत चांगले होते. फॉर्म नवा होता. त्यात प्रश्नांचा क्रम बदललेला होता.

"काका, तुमच्या मुलाचं नाव काय?"

"बुधवार," काका ठणठणीत आवाजात म्हणाले.

"आत्ता आपण कुठं आहोत?"

"सप्टेंबर."

"आज वार कोणता?"

"मुलुंड."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी उरलेली उत्तरंही क्रमानं दिली आणि मोठ्या आशेनं मालनकडे पाहिलं.

"जगणं नकोसं वाटतं का, काका?"

"नाय," काका म्हणाले. मनाच्या पाचही प्रश्नांना त्यांनी हसतमुखानं "नाय" म्हटलं.

रेवतीबाईंनी चष्मा काढला. "यांच्याकडून कुणी उत्तरं पाठ करून घेतली होती का? असेल तर आत्ता सांगा. तसं असेल तर मनाची उत्तरंही मी धरणार नाही, डॉक्टरांना बोलावीन."

हॉलमध्ये सगळ्या मावशी खाली बघत बसल्या, कारण प्रत्येकीनं आपापल्या म्हाताऱ्यांकडून थोडंफार घोकून घेतलं होतं. बोलायला हवं होतं ते मालननं. तिला ते कळत होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं की बाई, ही उत्तरं माझी आहेत. पण धवल दाराशी उभा होता आणि तिला स्वयंपाकघरामागची खोली दिसत होती, देवांचे फोटो, ट्रंक, स्टोव्ह. या वयात ते सगळं घेऊन ती कुठं जाणार होती? तिनं पदर घट्ट धरला आणि तीही खाली बघत राहिली.

"ठीक आहे," रेवतीबाई म्हणाल्या. "म्हणजे ही उत्तरं त्यांची स्वतःचीच. मन बरं आहे, आठवण गेली आहे. मागचे फॉर्मही मन बरं आहे असंच सांगतात. म्हणजे उदासी नाही, स्मृतीचाच आजार आहे." आणि त्यांनी तसं लिहिलं.

संध्याकाळी चारला काकांना वर न्यायचं ठरलं. न्यायला मालनच गेली. त्यांचं धोतर, चष्मा आणि बायकोचा फोटो तिनं पिशवीत भरला आणि काकांना हाताला धरून जिना चढवला. वरच्या मावशीनं, दिशानं, कडी काढली. आतून कुणीतरी एकसारखं कुणाला तरी हाका मारत होतं.

उंबऱ्यात काका थांबले. त्यांनी मालनचा हात दाबला आणि हळूच विचारलं, "गो मालन, माझी उत्तरां बरोबर इली मा? 'होय' म्हटलंय तर तू रडतंस, म्हणान मी 'नाय'च म्हटलंय."

खाली रेवतीबाईंची गाडी अजून फाटकाशीच उभी होती. जिन्याच्या खिडकीतून ती तिला दिसत होती.

"होय काका," ती म्हणाली. "सगळी बरोबर इली."

काका समाधानानं आत गेले. दिशानं दार लोटलं आणि कडी घातली.