दोन शून्यं

तिसऱ्यांदा झाकण लागलं, तिसऱ्यांदा बटण दाबलं गेलं, आणि तिसऱ्यांदा सिंथेसायझरने सगळे लाल दिवे लावून भिंगरीकडे टकामका बघितलं. आवाजाचा पत्ता नाही. तिने एक पट्टी दाबली, मग दहा दाबल्या, शेवटी दोन्ही कोपरं टेकवून अर्ध्याच्या वर पट्ट्या एकदम दाबल्या. मुका तो मुकाच.

"कोपराने वाजवत नाहीत ते," मामा म्हणाला. तो दुकानाच्या दुसऱ्या टोकाला एका टेबलफॅनचं पोट उघडून बसला होता. मान वर करण्याचेही कष्ट त्याने घेतले नाहीत.

दुरुस्तीचं दुकान मामाचं आणि सिंथेसायझरही मामाचाच; भिंगरीच्या जन्माआधीचा, दोघांनी मिळून उचलावा लागणारा. शाळेच्या नाटकातलं वादळ आपण याच्यावर वाजवणार, असं तिने सगळ्या वर्गासमोर ठणकावून सांगितलं होतं. त्यानंतर चारच दिवसांत आतला पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज यंत्राला पचेल अशी करून देणारा डबा, जळका वास सोडून मेला. सरांनी आज पाचपर्यंतची मुदत दिली होती. तोवर वाजला नाही तर वादळ रेकॉर्डवरचं, आणि भिंगरी पडदा ओढायला. आणि आत्ता सव्वाचार वाजले होते.

"मामा, तू एकदा फक्त बघ ना."

"ज्याने उघडलं त्याने लावायचं. दुकानाचा नियम आहे."

"तो कामगारांना. मी तुझी भाची आहे."

"कामगार असतीस तर कधीच काढून टाकली असती. भाचीला काढता येत नाही, हीच तर पंचाईत."

भिंगरीने दात-ओठ खात पुन्हा झाकण उघडलं. रविवारी तिने जुना डबा काढून नवा बसवला होता आणि काय मिरवली होती. नव्या डब्यातून विजेचे दोन पुरवठे निघत: पाच व्होल्टचा दिव्यांना आणि बटणांना, अधिक-उणे पंधराचा आवाजाला. दोघांची आपापली काळी तार, तिला म्हणायचं शून्य. सगळं मोजमाप त्या शून्यापासून.

तिने मीटर घेतला. पाचाच्या शून्यावर काळी पिन, तारेवर लाल. पाच. काळी पिन उचलून पंधराच्या शून्यावर. पंधरा. उणे पंधरा. एका आकड्याचीही चूक नाही.

"सगळं बरोबर आहे आणि काहीच चालत नाही," ती म्हणाली. "हे यंत्र आहे की आमचा वर्ग?"

"मोजताना काळी पिन कुठे ठेवतेस?"

"शून्यावर. अजून कुठे ठेवणार, तुझ्या टकलावर?"

"कुठल्या शून्यावर?"

तिच्या डोक्याची शीर तडतडली. शून्य म्हणजे शून्य, त्यात कुठलं आणि कसलं? मदत करायची नाही आणि वर कोडी घालायची. तिने मीटर आपटला, मग मीटर मामाचा आहे हे आठवून हळूच सरळ केला. मामा खोटा पडावा एवढ्याच इच्छेने तिने काळी पिन पाचाच्या शून्यावर ठेवली आणि लाल पिन पंधराच्या शून्यावर. शून्यापासून शून्य किती लांब असणार?

आकडा तीन झाला. मग सात. मग दीड. नुसता भटकत सुटला.

भिंगरीने पिना सोडल्या आणि जुना डबा ओढून घेतला. मामाने पहिल्यांदा मान वर केली.

जुन्या डब्यात दोन बोटांएवढा तारेचा एक तुकडा होता. दोन्ही टोकं काळ्या तारांना, दोन्ही त्याच डब्यात. कुठेच जात नव्हता बिचारा. रविवारी तिने तो कट्कन कापला होता, नव्या डब्याला लावलाच नव्हता, आणि म्हणाली होती, मामा, बघ, कोणीतरी उगाच लावून ठेवलाय.

"तो तुकडा दोन्ही शून्यं जोडत होता," ती म्हणाली. "आता ती एकमेकांशी बोलतच नाहीयेत. मामा, तुला माहीत होतं?"

"कापलास तेव्हापासून."

"आणि चार दिवस गप्प बसलास?"

"तू विचारत कुठे होतीस? तू सांगत होतीस." त्याने फॅनच्या पात्यावर फुंकर मारली. "जळण्यासारखं काही असतं तर हात धरला असता."

तिला त्या फॅनमध्ये त्याचंच नाक घालावंसं वाटलं. पण पाचाला वीस कमी होती. प्लग काढून तिने नव्या तारेचा तुकडा कापला, सोलला, कथिलाचा डाग देऊन दोन्ही शून्यांना जोडला. बोट भाजलं, तरी तिने हूं की चूं केलं नाही. प्लग लावला. पट्टी दाबली.

टेबलावरचे स्क्रू थरथरले, इतका जाड आवाज आला. मामाचा हात जागीच थांबला.

पाचाला पाच कमी असताना तिने सरांना फोन लावला आणि मोबाईल स्पीकरसमोर धरला. वादळ सुरू झालं, आणि मधेच सूर घसरत घसरत खाली गेला.

"हे वादळ आहे की मांजर?" सरांनी विचारलं.

भिंगरी मामाकडे वळली. "मामा, असं का होतंय?"

"गार आहे. अर्धा तास तापू दे, ठिकाणावर येईल."

तिने ते जसंच्या तसं सरांना सांगितलं.

"मग उद्या अर्धा तास आधी ये," सर म्हणाले. "रेकॉर्ड मी तयार ठेवतोच."

फोन ठेवून ती धुमसत राहिली. रेकॉर्ड म्हणे. मग झाकणाचे स्क्रू लावले. नऊ होते, आठच भोकं भरली, आणि नववं भोक कुठे दिसेना.

"मामा," ती दात आवळून म्हणाली, "विचारतेय."